दर महिन्याला जंताचे औषध?

प्रश्न : माझ्याकडे सात उस्मानाबादी शेळ्या आहेत. दर महिन्याला सगळ्यांना, करडांनासुद्धा, एकेक झाकण जंताचे औषध पाजते. तरी दोघी खंगल्यात. औषध वाढवू का?
– एक वाचक, तुळजापूर

उत्तर : ताई, घाबरू नका, पण झाकणाचे माप आधी सोडा. 30 किलोची शेळी आणि 8 किलोचे करडू यांना एकच झाकण कसे चालेल? अपुऱ्या डोसातून वाचलेले जंत पुढे औषधाला दाद देत नाहीत. खालची पापणी ओढून बघा. आतून पांढुरकी दिसली तर रक्त पिणारे जंत असू शकतात. दोघींच्या ताज्या लेंड्या दवाखान्यात तपासून घ्या, मगच वजनाप्रमाणे औषध. नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल नको. आणि दूध किती दिवस वापरायचे नाही, हे डॉक्टरांना विचारायला विसरू नका.