फुकटच्या दुरुस्तीची जबाबदारी



सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात, विशेषतः कडोदऱ्याच्या आसपास, यंत्रमाग आणि कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांमुळे बाहेरून आलेल्या कामगारांची मोठी वस्ती झाली आहे. सुरतेच्या या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी कुटुंबेही राहतात. रात्रपाळीहून आलेल्या माणसाची दिवसाची झोप पंख्यावर आणि घरी साड्यांना लेस लावणाऱ्या बाईची कमाई शिलाई मशीनवर अवलंबून असल्याने, शेजाऱ्याचे जुने यंत्र केवळ सुट्या भागाच्या किमतीत चालू करून देणे हा तेथे मोठा उपकार ठरतो. मात्र उपकार करणाऱ्याला मोबदला सोडता येतो, जबाबदारी सोडता येत नाही.

स्वस्त दुरुस्तीचा पाया अचूक निदान हा होय. छताच्या नेहमीच्या पंख्याच्या मोटरमध्ये तारेची दोन वाइंडिंगे असतात, आणि त्यांपैकी एकाला जोडलेला कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारा छोटा घटक, दोन्हींतील प्रवाह मागेपुढे ठेवून चुंबकीय क्षेत्र फिरते करतो. वीज बंद असताना पाते हाताने मोकळे फिरते, पण वीज दिल्यावर पंखा मंद चालतो किंवा ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही, तेव्हा दोष बहुधा कंडेन्सरचा असतो; पाते अडखळले वा खरखरले तर बेअरिंग तपासावे. अनेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो; जुन्यावर छापलेल्या मूल्याचा आणि तितक्याच व्होल्टेजचा नवा बसवावा, कारण वेगाच्या लोभाने मोठा बसवल्यास वाइंडिंग तापून जळू शकते.

पहिल्या चाचणीसाठी सिरीज बोर्ड, म्हणजे यंत्राच्या वाटेतच १०० वॅटचा तारेचा बल्ब जोडलेली फळी, वापरावा; आत शॉर्ट असल्यास बल्ब पूर्ण उजळतो आणि फ्यूज वाचतो, परंतु झटक्यापासून संरक्षण मिळत नाही, हे विसरू नये.

काटकसर श्रमात आणि शोधात करावी, सुरक्षिततेत कधीही नाही. इस्त्रीची तीन पिनांची वायर खराब झाली म्हणून दोन पिनांची लावल्यास अर्थिंग, म्हणजे गळती झालेल्या विजेला जमिनीकडे नेणारी वाट, नाहीशी होते आणि धातूचे अंग जिवावर बेतू शकते. मायक्रोवेव्ह ओव्हनमधील कंडेन्सर वीज काढल्यावरही प्राणघातक भार धरून ठेवू शकत असल्याने अशा कामाला नकार देणे, हीच शेजाऱ्याची सेवा होय.

मार्टिन पोस्टमा यांनी २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये सुरू केलेल्या रिपेअर कॅफेच्या प्रथेत वस्तूचा मालक दुरुस्ती करणाऱ्याशेजारी बसून काम पाहतो व शिकतो. ती रीत चाळीतही सहज पाळता येते. भागाची किंमत आधी सांगावी, काढलेला भाग परत द्यावा, आणि खर्च नव्या वस्तूच्या जवळ जात असेल तर तसे स्पष्ट सांगावे. पैसे मोजलेले गिऱ्हाईक काम बिघडल्यास भांडते, पण उपकाराने दबलेला शेजारी तोंड उघडत नाही आणि बिघडलेले यंत्र तसेच वापरत राहतो. म्हणून दुरुस्तीनंतर आठवड्याभरात दुरुस्ती करणाऱ्यानेच त्याच्या घरी जाऊन यंत्र चालवून पाहावे.