दुकानात सुगंध सोडण्याआधी

आमचं साड्यांचं दुकान वडिलांनी काढलेलं. आत पाऊल टाकलं की कोऱ्या कापडाचा, खळीचा वास यायचा. लग्नसराईत त्यात गादीवर बसलेल्या बायकांच्या गजऱ्यांचा वास मिसळायचा. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एक विक्रेता भिंतीवर टांगायचं सुगंधाचं यंत्र घेऊन आला. वास चांगला असला की गिऱ्हाईक रेंगाळतं, त्याचा हात सैल सुटतो, असं त्याने सांगितलं. मी मोगरा, चंदन आणि व्हॅनिला असं मिश्रण निवडलं.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वासाचा संदेश पाहण्या-ऐकण्यासारखा आधी थॅलॅमसकडे जात नाही. भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांशी त्याचं थेट नातं आहे. म्हणून एखाद्या वासाने माणूस चटकन हळवा होऊ शकतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वित्झर्लंडमधल्या घरसजावटीच्या दुकानात साधा संत्र्याचा वास दरवळत असताना गिऱ्हाइकांनी सुमारे 20 टक्के जास्त खर्च केला. त्याच संत्र्यात बेसिल आणि ग्रीन टीचा वास मिसळला, तेव्हा तसं झालं नाही. हे मी फार उशिरा वाचलं.

यंत्र लावल्यावर पहिले दोन-तीन दिवस येणारा प्रत्येक जण वासाचं कौतुक करत होता. मग मला वास येईनासा झाला. यंत्रातली बाटली संपत आली असेल असं वाटून मी मात्रा वाढवली. आठवड्याने पुन्हा वाढवली. बाटली भरलेलीच होती. एकच वास सतत मिळत राहिला की काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेणं कमी करतं, हे मला ठाऊक नव्हतं. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाला जे जाणवतही नाही, ते दारातून येणाऱ्याच्या अंगावर येतं. मालकाचं नाक या बाबतीत सर्वांत कमी भरवशाचं.

काउंटरवरच्या मुलींची दुपारनंतर डोकी दुखू लागली. एकीने विचारलंही, "काका, ते जरा बंद करू का?" ऑक्टोबरचं ऊन आहे, पाणी पी, असं सांगून मी तिला गप्प केलं. त्याची खंत अजून जात नाही.

मग वीस वर्षं आमच्याकडे येणाऱ्या एक बाई लेकीचा शालू घ्यायला आल्या. त्यांना दमा आहे. दुसरी घडी उलगडेपर्यंत त्यांना खोकल्याची उबळ आली, त्या उठून बाहेर पायरीवर बसल्या, पर्समधला पंप ओढला आणि म्हणाल्या, "भाऊ, साड्या इथे बाहेर आणून दाखवता का?" मी तिथल्या तिथे यंत्र बंद केलं. त्या पायरीवर मी शालू उलगडला, पण त्यांचं लक्ष कापडाकडे नव्हतंच.

इथेच थांबलं नाही. रेशीम वास धरून ठेवतं. दिवाळीनंतर एक कुटुंब पैठणी परत घेऊन आलं. "अत्तराचा वास येतोय, कुणीतरी नेसलेली साडी दिली तुम्ही." साडी कोरी होती, पण ते पटवून द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. अशा तीन साड्या परत घेतल्या. कोऱ्या साडीची पारख बायका नाकानेही करतात, आणि मी तीच खूण पुसून टाकली होती.

दुकानदार मित्रांनो, ज्या मालाला स्वतःचा वास आहे, त्यावर दुसरा वास चढवू नका. बेकरीत भाजलेल्या पावाचा, चहाच्या दुकानात पत्तीचा वास असतो. तो गिऱ्हाइकाला मालाविषयी खरं काही सांगतो. आमच्या मोगऱ्यामुळे साडीचा पोत सुधारत नव्हता, फक्त हात सैल सुटत होता, तेही समोरच्याच्या नकळत. मला तो व्यवहार आता पटत नाही. तरी सुगंध हवाच असेल तर एकच साधा आणि मंद ठेवा, कापडापासून लांब ठेवा, दार उघडं राहू द्या.

घेणाऱ्यांनी भारी वस्तूचे पैसे मोजण्याआधी ती दारात, उजेडात न्यावी. रंग पाहण्यासाठी आपल्या आया हे करतच आल्या. तिथे मोकळ्या हवेत दोन मिनिटं उभं राहून मगच ठरवावं.

तुमच्या दुकानात असं यंत्र चालू असेल, तर आज अर्धा तास बाहेर फिरून या आणि गिऱ्हाईक शिरतं तसं आत शिरा. मग कामावरच्या माणसांना विचारा, आणि ते जे सांगतील ते ऐकून घ्या.