मित्ला: अंगणाखालचे पूर्वज

गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आईच्या कबरीवर मी झेंडूची माळ ठेवली. काकी म्हणाल्या, "बाय, हे देवळातलं फूल. आपल्याकडे कशाला?" आईला झेंडू आवडायचा, एवढंच मला ठाऊक होतं. मी गप्प बसले. नंतर वाचलं, तेव्हा कळलं की झेंडू मुळात मेक्सिकोचा आणि तिथं तो आजही मृतांचं फूल आहे.

म्हणून या वेळी मेक्सिकोतल्या वाहाका राज्याविषयी. इथल्या सापोतेक लोकांनी इ.स.पू. ५०० च्या सुमारास डोंगरमाथ्यावर मोन्ते अल्बान हे शहर वसवलं. थडगी घराच्या अंगणाखालीच असत. घरात कुणी वारलं की तेच थडगं पुन्हा उघडायचे, जुनी हाडं बाजूला सारून जागा करायचे. गेलेली माणसं घरातच राहायची म्हणा ना!

मोन्ते अल्बान ओस पडल्यावर मित्लाचं महत्त्व वाढलं. हे नाव नाहुआतल भाषेतल्या 'मिक्त्लान'वरून आलं, म्हणजे मृतांचं स्थान. तिथल्या वाड्यांखाली क्रूसाच्या आकाराची थडगी आहेत. ती मिशनऱ्यांच्या काळातली वाटतील, पण आहेत त्याआधीची. आकार सारखा दिसला म्हणून अर्थही तोच, असं धरून चालू नये.

१६व्या शतकात स्पॅनिश आले. मित्लाच्या जुन्या चौथऱ्यावर, तिथलेच दगड वापरून सान पाब्लोचं चर्च बांधलं गेलं. यात जबरदस्ती होती, ती लपवू नये. मृतांची जागा अंगणाखालून चर्चच्या आवारात गेली.

तरी घराशी त्यांचं नातं टिकलं. आजही तिथल्या गावांत माणूस गेला की नऊ दिवस रोझरी म्हणतात. घरात जमिनीवर चुन्याचा किंवा वाळूचा क्रूस काढतात आणि शेवटी तो गोळा करून कबरीवर नेतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरच्या वेदीवर संतांच्या तसबिरी, पाव, चॉकलेट, झेंडू असतो आणि कोपाल या राळेचा धूप जळतो. कोपाल स्पॅनिशांच्या आधीपासूनचा. पण मृतांसाठी पाव ठेवायची रीत स्पेनमध्येही होती. मग कुठला धागा कुणाचा, हे आता कसं वेगळं काढणार?

मित्रांनो, तुमच्या घरी माणूस गेल्यावर काय काय करतात, ते मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. काकींना मी मित्लाची गोष्ट सांगणार आहे. आणि माळ यंदाही झेंडूचीच नेणार.