घरात रुग्ण, गोठ्यात आजारी जनावर

जाफराबाद तालुक्यात पाळीव प्राणी म्हणजे बहुधा गाय, बैल, शेळी आणि दारातला कुत्रा. घरातले कुणी अर्धांगवायूने किंवा ऑपरेशनसाठी संभाजीनगरच्या घाटीत दाखल असावे आणि नेमकी त्याच आठवड्यात गायीने वैरण सोडावी, असे पुष्कळ घरांत घडते. लोक म्हणतात, 'आधी माणसाचं बघा, जनावराचं काय घेऊन बसलात?' मला हे पटत नाही. दुभत्या गायीच्या दुधावरच त्या घरातील औषधपाणी चालते. शिवाय अंथरुणाला खिळलेले आजोबा शुद्धीवर आले की पहिली चौकशी गोठ्याचीच करतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी आढळला व पाहता पाहता राज्यभर पसरला. शासनाने मोफत लसीकरण केले. दगावलेल्या गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार व वासरामागे १६ हजार रुपये मदत जाहीर केली. त्या काळात अनेकांनी भीतीपोटी दूध घेणे बंद केले. वास्तविक लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यावे, एवढेच. गोठ्यात राबलेल्या माणसाने साबणाने हातपाय धुऊन, कपडे बदलून रुग्णाजवळ बसण्यास हरकत नाही.

पण सगळेच आजार असे निरुपद्रवी नसतात. जनावर लाळ गाळते, त्याला गिळता येत नाही, आवाज बदलतो. घशात काही अडकले असेल म्हणून घरचा माणूस सरळ तोंडात हात घालतो. हे पिसाळल्याचे लक्षण असू शकते, आणि रेबीज एकदा दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हात घालू नये. दात लागला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावे, हळद-चुना लावू नये व त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. कातडीत देण्याच्या लसीचे पुढील डोस तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. रुग्णाच्या धावपळीत हेच डोस चुकतात. लसीचे कार्ड खिशात ठेवावे. रुग्णासोबत घाटीत असाल तर डोस तेथेच घ्यावा.

दुसरा आजार ब्रुसेलोसिस. गाय-शेळी गाभडली की वार व गर्भ उघड्या हाताने उचलला जातो, त्यातून हे जंतू शरीरात शिरतात. कच्च्या दुधातूनही येतात. महिनाभर येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर व सांधे दुखणे अशी तक्रार असेल, तर गोठ्यातली हकिकत डॉक्टरांना आपण होऊन सांगावी. न सांगितल्यास तपासण्या टायफॉईड-मलेरियाभोवतीच फिरत राहतात. उपचार आहे, पण तो निदान सहा आठवडे चालतो.

म्हणून गर्भवती, कॅन्सरची औषधे किंवा स्टेरॉईड घेणारे, डायलिसिसवरचे आणि पायाला जखम असलेले मधुमेही यांनी आजारी जनावराचे काही करू नये. आपल्याकडे हे काम नेमके घरी उरलेल्या सुनेकडे येते, मग तिला सातवा महिना का असेना. भावकीतल्या एखाद्यास आठ दिवसांसाठी स्पष्ट शब्दांत सांगावे. मागितल्याशिवाय मदत येत नाही. पशुवैद्यासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. जनावर वाचेल का आणि खर्च किती, हे त्यांना पहिल्याच भेटीत विचारावे. त्यात लाज कसली? असह्य वेदना भोगणाऱ्या कुत्र्याला शांत मरण देण्याचे इंजेक्शनही तेच देऊ शकतात.

रुग्णाच्या पिशवीतली गोळी मात्र जनावराला देऊ नये. पॅरासिटामॉलने मांजर मरते. डायक्लोफेनॅकने कुत्र्याचे पोट व मूत्रपिंड बिघडतात. गिधाडांच्या मृत्यूमुळे २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदीच आहे.

जनावर दगावले तर रुग्णाला सांगावे काय? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको. पण घरी आल्यावर रिकामा खुंटा एकदम दृष्टीस पडावा, हे त्याहून वाईट. प्रकृती स्थिरावली की डॉक्टरांना विचारून, सुट्टी मिळण्यापूर्वी जवळच्या माणसाने सांगावे. रडू आले तर रडू द्यावे. जनावर विहीर-ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.