आधी सुई, मग फोनो

आजोबांच्या तबकड्या तुझ्याकडे आल्यात. त्या वाजवायला नवं टर्नटेबल आणि वेगळं फोनो स्टेज घ्यायचं तुझ्या मनात आहे, तर किमतीच्या याद्या नंतर बघ. यंत्र आपल्या तबकड्या बघून घ्यायचं असतं. एवढं धरून ठेवलंस की बाकीचं त्यातूनच निघतं.

कपाट आधी तपास. आपल्याकडे ७८च्या तबकड्या १९७०च्या आसपासपर्यंत निघत होत्या. त्यामुळे नाट्यगीतं-लावण्यांच्या जुन्या कपाटात ७८, ४५ आणि ३३⅓ असे तिन्ही वेग सापडतात. आजची पुष्कळ टर्नटेबलं ७८ला फिरतच नाहीत, ते विचारूनच घे. ७८ची खाच रुंद असते. तिला सुमारे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची सुई लागते, तर एलपीला ०.७ मिलच्या आसपासची. एलपीची सुई ७८वर ठेवलीस तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त उचलते. म्हणून सुई बदलता येईल असंच कार्ट्रिज घे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच कार्ट्रिजला एलपीची आणि ७८ची, अशा दोन्ही सुया बसतात.

मोटर कुठल्या विजेची, ते वाच. अमेरिकेतून कुणी जुना प्लेयर पाठवला तर मागची पट्टी बघ. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची, आणि पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या प्लेयरची एसी मोटर बहुधा त्याच ठेक्यावर फिरते. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तसेच राहतात. मग ३३⅓ची तबकडी २७.८च्या वेगाने फिरते आणि पांढरी चारमधला गवई पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. डीसी मोटरला ही अडचण नसते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवणार असशील, तर तो प्युअर साइन वेव्हचा असू दे. स्क्वेअर वेव्हवर एसी मोटर गुरगुरते आणि ती गुरगुर सुईवाटे स्पीकरपर्यंत पोचते.

पहिला रुपया सुईवर. हिऱ्याचं टोकही काही शे तासांनी झिजतं, आणि झिजलेली सुई तबकडीच कातरते. वजनकाटा घे आणि कार्ट्रिजवाल्याने सांगितलेलंच वजन ठेव. व्हीएम९५च्या एलपीच्या सुईला ते साधारण २ ग्रॅम आहे. तबकडी जपायची म्हणून वजन कमी करू नकोस. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

फोनो स्टेज जुळणारं हवं. तबकडी कापताना खर्ज दाबतात आणि वरचे स्वर उचलतात. फोनो स्टेज तो तोल परत आणतं. एलपीसाठी आरआयएएचं हे प्रमाण १९५४पासून रूढ झालं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात. त्याला ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट वाढ आणि ४७ किलोओहमचा इनपुट पुरतो. मूव्हिंग कॉइलमधून बहुधा अर्धा मिलिव्होल्टही येत नाही. त्याला हजारपट वाढ लागते आणि तिच्याबरोबर घरघरही वाढते. म्हणून सध्या मूव्हिंग मॅग्नेटवरच राहा.

मोनोचं बटण असलेलं फोनो स्टेज मिळालं तर तेच घे. आपली जुनी गाणी बहुतेक मोनो आहेत. आवाजाची डावी-उजवी बाजू एकत्र झाली की सुईच्या वर-खाली हलण्याने येणारा खरखराट पुष्कळ कमी होतो आणि गळा पुढे येतो. टर्नटेबलातच फोनो असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला जोडू नकोस. दोनदा वाढवलेला आवाज फाटतो. जुन्या पेटीवजा प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असेल तर त्याला हे फोनो स्टेज लागतच नाही. आणि अर्थिंगची बारीक वायर विसरू नकोस. घूं असा आवाज आला की आधी तिच्याकडेच बघ.

जागा दगडी भिंतीला. नगरच्या जुन्या वाड्यात माडीची लाकडी जमीन पावलागणिक हलते. तिथे महागातलं टर्नटेबलही सुई उडवणार. दगडी भिंतीत पक्की फळी ठोक, पाणसळीने सपाटी बघ आणि स्पीकर त्या फळीवर ठेवू नकोस. उन्हाळ्यात आपल्याकडे धूळ घरात घुसते. वाजवून झालं की झाकण लाव आणि दर वेळी कार्बन ब्रश फिरव. हा खर्च नवीन यंत्रापेक्षा कितीतरी कमी आहे आणि फरक लगेच ऐकू येतो.

घ्यायला जाशील तेव्हा आपली तबकडी ने. पुण्याच्या दुकानात जा, नाहीतर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जा. मात्र त्यांच्या चकचकीत तबकडीवर निर्णय घेऊ नकोस. तंबोऱ्याने सुरू होणारी, तुझ्या कानात बसलेली एखादी एलपी लाव. तंबोरा हेलकावतो का ते बघ, कारण वेगातला दोष तिथे सगळ्यांत आधी कळतो. मग हार्मोनियमचा लांबवलेला स्वर ऐक. शेवटी तबकडीच्या आतल्या टोकाचं गाणं लाव, कारण कमी प्रतीची सुई तिथे ‘स’ आणि ‘श’ चुरचुरीत करते. या तिन्ही ठिकाणी तुझ्या आत्ताच्या यंत्रापेक्षा उजवं ऐकू आलं तरच पैसे काढ. नाही आलं, तर नवी सुई घेऊन घरी ये.