नळ आले की ओल, नळ गेले की कोरडं

फरशीखालची गळती शोधायला आता आवाज टिपणारी आणि उष्णता दाखवणारी यंत्रं निघाली आहेत. ती चांगलीच आहेत. पण नांदेड-लातुरात बांधकामाची गुत्तेदारी करताना मला सगळ्यात जास्त कामाला आलं ते भिंतीवरचं कॅलेंडर. इथं नळाला चोवीस तास पाणी नाही. नांदेडला विष्णुपुरीचं पाणी, लातूरला धनेगावच्या मांजरा धरणाचं; दोन्हीकडं पाळीनं, आणि उन्हाळा कडक असला की पाळी लांबते. पाणीच पाळीनं येत असेल तर गळतीही पाळीनंच होणार. सगळा तपास तिथूनच सुरू होतो.

1. ओल कुठं आहे हे सगळे सांगतात, कधी येते ते विचारावं लागतं. घरात चार वाटांनी पाणी फिरतं. रस्त्यावरून हौदापर्यंत येणारं महापालिकेचं पाणी फक्त नळ आल्यावर. हौदातून किंवा बोअरमधून गच्चीवर चढणारं, मोटर चालू असेतोवर. टाकीतून खाली नळांना येणारं मात्र रात्रंदिवस, कारण त्या पाइपात कायम पाणी भरलेलं असतं. आणि चौथं सांडपाणी, कुणी अंघोळ केली, भांडी घासली की तेवढ्यापुरतं. लातुरात औसा रोडकडच्या एका घरी प्लंबरनं बाथरूमची फरशी फोडायचा बेत पक्का केला होता. घरच्या काकू सहज बोलून गेल्या, "नळ आले की दुसऱ्या दिवशी देवघरापुढं ओल यायलीय, चार दिवसांनी आपोआप वाळायलीय." बाथरूम रोज वापरात, मग तिथली गळती मधेच चार दिवस सुट्टी कशी घेईल? रस्त्यावरची लाइन देवघराखालून मागच्या हौदाकडं गेलेली निघाली. काकूंच्या एका वाक्यानं बाथरूम वाचलं.

2. टाकीवर रेघ मारा. पाण्याचा चालू मीटर असेल तर सगळे नळ बंद करून काटा बघता येतो, पण तो रस्त्यावरून येणारी वाट तेवढी सांगतो, तीही नळ चालू असताना. टाकीखालच्या वाटेसाठी रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करायचे, मोटर बंद, आणि टाकीत पाण्याच्या पातळीला खूण करायची. पहाटे कुणी नळ सोडायच्या आत पुन्हा बघायचं. हजार लिटरच्या गोल टाकीचा व्यास साधारण 110 सेंटिमीटर धरला, तर पातळी एक सेंटिमीटर उतरणं म्हणजे नऊ-साडेनऊ लिटर. दुसऱ्या रात्री टाकीच्या बुडाशी असलेला कॉक बंद करून हेच करायचं. आता पातळी जागची हलली नाही, तर गळती कॉकच्या पुढं, म्हणजे घरातल्या लाइनीत किंवा नळांत; तरीही उतरली तर टाकीच चिरलीय. त्याआधी फ्लशची टाकी मात्र तपासून घ्या. तिचा वॉशर गेला की पाणी भांड्यात गुपचूप उतरत राहतं आणि लोक उगाच फरशीवर संशय घेतात. मिनिटाला एक पेला, म्हणजे 200 मिलिलिटर, गळत असेल तरी दिवसाला 288 लिटर होतात. चार दिवसांच्या आत टाकी रिकामी.

3. हौद गळत असेल तर पातळी उतरते आणि एका ठिकाणी थांबते. जिथं थांबली त्या उंचीवर भेग शोधा, बहुतेक वेळा पाइप भिंतीतून आत आलेल्या जागी सापडते. थांबतच नसेल तर दोष तळाशी आहे.

4. मराठवाड्याची काळी माती समजल्याशिवाय इथल्या गळतीला हात घालू नये. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते सगळ्यांनी पाहिलंय. तीच माती घराच्या जोत्याखाली आणि कडेलाही असते. पाया खोदताना काळी माती पूर्ण काढून मुरमाचा भराव केला असेल तर त्रास कमी. पण पैसे वाचवायला निघालेली तीच माती पुन्हा जोत्यात ढकलण्याची आपल्याकडं जुनी खोड आहे. मग मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले की माती उठते, पाइप उचलते, आणि जोड असतो तिथं तो सुटतो. लोखंडी जीआय पाइप आटे पाडलेल्या जागी तुटतो. प्लॅस्टिकचा सोल्युशन नीट न लावलेल्या जागी. पुढं गळतीच मातीला पाणी पाजत राहते आणि एकच कोपरा फुगतो. दार चौकटीत अडकायला लागतं, फरशीचा मधला सांधा उघडतो. दाराला रंधा मारून घेणारे पुष्कळ, खाली बघणारे थोडे.

याच मातीचा एक फायदाही आहे, पण तो उन्हाळ्यात. पावसाळ्यात जमिनीतूनच ओल वर चढते आणि भिंतीच्या बुडाशी लोणा धरतो. नांदेडला गोदावरीकाठच्या सखल वस्त्यांत तर नदी भरून चालली की फरशा ओलावतात, तिथं पाइपाचा काही संबंध नसतो. तेव्हा संशय असला तरी घाई करत नाही. पण वैशाखात, बाहेर जमीन भेगाळलेली असताना एखादी फरशी काळपट-ओली दिसली, तर ती नैसर्गिक ओल आहे असं मला कुणी पटवू नये. माझ्या मते शोध घ्यायचा खरा महिना मे.

5. रुपयाच्या नाण्यानं फरशी ठोकून बघा, खालची माती वाहून गेली असेल तर आवाज पोकळ येतो. मात्र मसाला कमी भरलेली फरशीही पोकळच वाजते, त्यामुळं एवढ्यावर छिन्नी उचलू नका. सोलरचा किंवा गिझरचा गरम पाइप खालून गेला असेल तर डिसेंबरच्या पहाटे अनवाणी चाला, पायाला कळतं.

6. न्हाणीच्या जाळीत नीळ कालवलेलं पाणी ओता. बाहेरच्या चेंबरला निळं उतरलं तर वाट मोकळी आहे; भिंतीबाहेर जोत्याच्या फटीतून निळं झिरपलं तर सांडपाण्याचा पाइप फुटलाय. एका घरी नीळ संपली म्हणून आजोबांनी कुंकू आणून दिलं होतं. तेही चाललं असतं, पण आजींनी हात धरला.

7. वाया जाणाऱ्या पाण्यापेक्षा आत शिरणाऱ्या पाण्याची मला जास्त काळजी वाटते. नळ गेले की लाइन रिकामी होते आणि रिकामी होताना फुटलेल्या जागेतून आजूबाजूचं पाणी आत ओढते. शेजारी सांडपाण्याचं चेंबर असेल तर काय ओढलं जात असेल ते सांगायला नको. नळाला थेट मोटर लावणाऱ्यांकडं हे आणखी जोरात होतं, आणि ते शेजाऱ्यांनाही भोवतं. नळ आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ, वास मारणारं पाणी येत असेल, आणि शेजारच्या घरी स्वच्छ, तर गळती आपल्याच हद्दीत धरा. ती दुरुस्त होईतोवर ते पाणी पिऊ नका.

लातूरकरांना 12 एप्रिल 2016 आठवत असेल. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. त्या काळात घरोघरच्या लाइनी कोरड्याठाक होत्या. कोरड्या लाइनीत गळती दिसत नाही, म्हणून अशा दुष्काळानंतरच्या पहिल्या नळाला हौदात पाणी सोडण्याआधी घरभर एक फेरी मारावी.

8. गळती सापडल्यावर तेवढाच तुकडा बदलून फरशी बुजवायची, की फरशीखालची लाइन कायमची बंद करून नवी भिंतीवरून न्यायची? मी दुसऱ्या बाजूचा. एक जोड सुटला तो मातीमुळं, आणि माती बाकीच्या जोडांखालीही तीच आहे. घरमालकांचं म्हणणं असतं, "भिंतीवर पाइप चांगला दिसतंय व्हय?" दिसत नाही. पण पुढच्या वेळी फुटला तर सकाळी दिसेल आणि दुपारी दुरुस्त होईल. नवं घर बांधत असाल तर सेप्टिकचा आणि न्हाणीचा पाइप सोडून जोत्याखालून काहीही नेऊ नका. न्यावाच लागला तर मोठ्या पाइपातून न्या आणि खाली एकही जोड ठेवू नका. कोबा टाकायच्या आधी भिंतीपासूनचं अंतर दाखवणारा टेप शेजारी धरून मोबाइलवर फोटो काढा, आणि तो घराच्या कागदपत्रांत छापून ठेवा. मोबाइल बदलतात.