तुमच्या हॉल तिकिटावर दुसऱ्याचा पेपर

मित्रांनो, समजा तुमच्या हॉल तिकिटावर भलत्याच कुणीतरी जाऊन पेपर दिला आणि तो गचकला. केटी कुणाच्या मार्कशीटवर येणार? अर्थात तुमच्या. "सर, मी परीक्षेलाच बसलो नव्हतो" हे सिद्ध करायला खेटे कुणी घालायचे? तेही तुम्हीच. परीक्षेत असं होणं अवघड आहे, पण पैशांच्या व्यवहारात रोज होतं. आमच्या खोलीत झालं, म्हणून हा लेखप्रपंच.

झालं असं

मागच्या वर्षी माझ्या रूममेटला पुढच्या शिक्षणासाठी कर्ज हवं होतं. ॲडमिशनचं पत्र आलेलं, मार्क चांगले, सगळी कागदपत्रं फाईलमध्ये क्रमाने लावलेली. सहकर्जदार म्हणून सही करायला त्याचे वडील परभणीहून देवगिरीने आले. दोघं घाटकोपरच्या एका बँकेत गेले आणि तासाभरात परत आले. साहेबांनी संगणकात बघून सांगितलं होतं, "याच्या नावावर दोन छोटी कर्जं थकलेली आहेत. असं असताना आम्हाला पुढे जाता येणार नाही."

पठ्ठ्याने आयुष्यात मेसचं बिल सोडून कसलीच उधारी केलेली नव्हती. पण आप्पा काही बोलले नाहीत. रात्री गाडीला निघताना फक्त एवढंच म्हणाले, "काय घेतलंस रे त्या पैशांचं? सांगितलं असतंस तर मी दिले असते." ते वाक्य ऐकून तो दोन दिवस जेवला नाही. कर्ज नाकारलं याचं त्याला जेवढं लागलं नाही, तेवढं हे लागलं.

तर ही चोरी कशी होते, आणि झाल्यावर काय करायचं, ते आता क्रमाने बघू.

क्रेडिट रिपोर्ट म्हणजे काय?

सोप्या भाषेत, उधारीची मार्कशीट. तुम्ही कुणाकडून किती कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले की नाही, कोणकोणत्या बँकेने तुमची चौकशी केली, हे सगळं त्यात असतं. आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण सिबिल हे एका कंपनीचं नाव. ती 2000 साली मुंबईत स्थापन झाली, आता तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे. तिच्याशिवाय एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या भारतात हेच काम करतात. त्यांच्यासाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे आणि देखरेख रिझर्व्ह बँकेची. सिबिलचा स्कोअर 300 ते 900 यामध्ये असतो.

इथे गोम अशी की ही मार्कशीट पॅन नंबर, नाव, जन्मतारीख आणि मोबाईल यांच्यावरून जुळवली जाते. म्हणजे हे चार तुकडे ज्याच्या हाती लागले, त्याच्या हाती तुमचं हॉल तिकीट लागलं.

पॅनची चिरफाड

इंजिनीअर आहोत, तर नंबर उघडून बघू. पॅनमध्ये दहा अक्षर-अंक असतात. पहिली तीन अक्षरं अनुक्रमाची. चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं, व्यक्ती असेल तर 'पी', कंपनी असेल तर 'सी'. पाचवं अक्षर व्यक्तीच्या आडनावाचं पहिलं अक्षर. मग चार अंक आणि शेवटी एक तपासणीचं अक्षर. आता जीएसटी नंबर घ्या. तो पंधरा अक्षर-अंकांचा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढचे दहा? तोच तो पॅन, जसाच्या तसा! आणि जीएसटी नंबर तर प्रत्येक बिलावर छापलेला असतो.

याचा फायदा कसा घेतला गेला ते बघा. मार्च 2023 मध्ये दिल्ली पोलिसांनी पाच जणांना अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, या टोळीने अभिषेक बच्चन, माधुरी दीक्षित, शिल्पा शेट्टी, इम्रान हाश्मी, महेंद्रसिंग धोनी अशा बड्या मंडळींचे जीएसटी नंबर शोधले आणि त्यातून पॅन काढले. जन्मतारखा काय, गूगलवर सगळ्यांना ठाऊक. मग पॅन आणि आधार नव्याने बनवले, त्यावर फोटो स्वतःचे लावले आणि पुण्याच्या 'वन कार्ड' या कंपनीकडे क्रेडिट कार्डासाठी अर्ज केले. व्हिडिओवर पडताळणी करताना कंपनीने आर्थिक व्यवहारांबद्दल प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं यांनी बरोब्बर दिली, कारण त्या मंडळींचे क्रेडिट रिपोर्ट यांनी आधीच मिळवले होते! कंपनीच्या लक्षात येऊन तिने तक्रार करेपर्यंत 21 लाखांहून जास्त खरेदी होऊन गेली होती.

यातून दोन धडे. एक, पॅन नंबर हा पासवर्ड नव्हे, तो फार तर रोल नंबर आहे. तो गुपित राहील या भरवशावर बसू नका. दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. क्रेडिट रिपोर्ट ही नुसती चोरीची खबर देणारी गोष्ट नाही, चोरासाठी ती स्वतःच किल्ली आहे. म्हणून तो कुणालाही पाठवायचा नाही, आणि 'आम्ही काढून देतो' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहायचं.

आमच्या रूममेटचा पॅन कुठून गेला हे काही शेवटपर्यंत कळलं नाही. पण आठवायला बसलो तेव्हा यादी बरीच लांब झाली. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ, इंटर्नशिपच्या नावाने भरलेला कुठलासा फॉर्म, भाड्याच्या खोलीसाठी एजंटला दिलेल्या प्रती, आणि 'पाच मिनिटांत पैसे' म्हणणारं एक ॲप, जे त्याने उघडून, माहिती भरून, घाबरून काढून टाकलं होतं.

'फुकट रिपोर्ट' आणि 'सिबिल क्लिअर'

बँकेतून परत आल्यावर पठ्ठ्याने दुसरी चूक केली. अंधेरी लोकलच्या डब्यात चिकटवलेली जाहिरात आठवली: 'खराब सिबिल? सात दिवसांत क्लिअर!' फोन लावला. समोरून मोठ्या आपुलकीचा आवाज आला, "टेन्शन घेऊ नका दादा, आपलं आतमध्ये सेटिंग आहे." आधी 2,000 रुपये, मग पॅन-आधारचे फोटो, मग "एक ओटीपी येईल तो सांगा." ओटीपी सांगायच्या आत मी फोन हिसकावून घेतला म्हणून बरं. 2,000 गेले ते गेलेच.

नीट लक्षात ठेवा. खरी नोंद कुणीही 'क्लिअर' करून देऊ शकत नाही. ज्या बँकेने नोंद कळवली, तिने मान्य केल्याशिवाय क्रेडिट कंपनी ती बदलत नाही. आणि खोटी नोंद काढायला दमडीही लागत नाही, तक्रार तुम्ही स्वतः फुकट करू शकता. मग तो दादा पैसे कशाचे घेतो?

दुसरा प्रकार जरा सभ्य कपड्यातला असतो. 'फ्री क्रेडिट स्कोअर' दाखवणारी ॲप्स. त्यातली बरीचशी स्कोअर खरंच दाखवतात, पण बदल्यात तुमची माहिती वापरायची परवानगी घेतात आणि मग कर्जाच्या फोनचा पाऊस पडतो. हा खेळ परदेशातही जुना आहे. अमेरिकेत 'फ्री क्रेडिट रिपोर्ट' म्हणून जाहिरात करायची आणि लोकांना न कळत वर्षाला 79.95 डॉलरच्या सेवेत अडकवायचं, यावरून 2005 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने एक्सपीरियनच्याच एका उपकंपनीवर कारवाई केली. तिला 9,50,000 डॉलर मोजावे लागले. म्हणून 'फुकट' शब्द दिसला की खालची बारीक अक्षरं आधी वाचा.

खरा फुकट रिपोर्ट आपल्या हक्काचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार 1 जानेवारी 2017 पासून चारही कंपन्यांना प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट मोफत द्यावाच लागतो. त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर जा, पत्ता स्वतः टाईप करा, जाहिरातीतल्या लिंकवरून जाऊ नका. तिथे पैसे भरायच्या योजनाही मांडलेल्या असतात, त्या ओलांडून वर्षातून एकदाचा मोफत रिपोर्ट शोधा. कंपन्या चार आहेत, तेव्हा दर तीन महिन्यांनी एकीचा काढला तर वर्षभर फुकटात पहारा राहतो. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ती निव्वळ अफवा आहे.

काय काळजी घ्यायची?

1. झेरॉक्स देताना प्रतीवर आडवं लिहा: 'फक्त अमुक कामासाठी', तारीख आणि सही. अक्षरं फोटोवर आणि नंबरवर थोडी चढली पाहिजेत.

2. दुकानाच्या संगणकावर फाईल उघडली असेल तर निघताना डाऊनलोडमधून आणि रिसायकल बिनमधून काढून टाकायला लावा. लाजायचं काय त्यात?

3. आधारची 'मास्क्ड' प्रत वापरा. तिच्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. मोबाईलवरून बोटांच्या ठशांना कुलूपही लावता येतं.

4. तुमच्या नावावर किती सिम कार्डं चालू आहेत ते दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी'वर बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा.

5. मोबाईलचं नेटवर्क अचानक गेलं आणि बराच वेळ आलंच नाही तर 'मुंबईचा पाऊस' म्हणून सोडून देऊ नका. डिसेंबर 2018 मध्ये माहीमच्या एका व्यापाऱ्याला रात्री सहा मिस्ड कॉल आले, सिम बंद पडलं, आणि खात्यातून 1 कोटी 86 लाख रुपये गेले. त्याच्या नंबरचं दुसरंच सिम काढलं गेलं होतं.

6. आणि एक खास हॉस्टेलकरांसाठी. 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, 5,000 देतो' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. चोरीचा पैसा फिरवायला अशीच विद्यार्थ्यांची खाती लागतात. पोलीस माग काढत येतात तेव्हा आधी दार वाजतं ते खातेदाराचं.

झालंच तर?

घाबरून गप्प बसू नका, आणि लाजून तर मुळीच नको. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. 'सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन' वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 क प्रमाणे, म्हणजे इंग्रजीतलं '66 सी', दुसऱ्याची ओळख वापरणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

मग रिपोर्टमधली चुकीची नोंद. ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये ती आहे तिच्याकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा. कर्ज ज्या खात्यात जमा झालं त्याचा तपशील आणि करारावरची सही मागा. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यालाही फी नाही.

रूममेटने हेच सगळं केलं. ते पैसे त्याच्याच नावाच्या, पण त्याने कधीही न उघडलेल्या खात्यात गेले होते, असं निघालं. पाचव्या आठवड्यात दोन्ही नोंदी गेल्या. बँकेत पुन्हा अर्ज केला आणि कर्ज मंजूर झालं, पण तोवर पहिल्या सत्राची तारीख उलटून गेली होती. आता तो जानेवारीत जाणार आहे. नोंदी गेल्याचं पत्र आलं त्या रात्री त्याने घरी फोन लावला आणि ते अख्खं पत्र आप्पांना वाचून दाखवलं, जावक क्रमांकासकट. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग आप्पा म्हणाले, "बरं झालं. जेवलास का?"

तेव्हा मित्रांनो, आणि स्टाफमधल्या सर-मॅडमनो तुम्हीसुद्धा, या रविवारी मेसची फीस्ट झाल्यावर वीस मिनिटं काढा आणि स्वतःचा रिपोर्ट उघडून बघा. आपल्या हॉल तिकिटावर कोण पेपर देतंय, हे निकालाच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.